गालिच्याखालचं पाणी

मी एक जुनी, बुटकी, उघड्या अंगाची मोटार आहे. मला सीटा दोनच. आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. लोकांना वाटतं, असल्या गाड्या बिनधास्त असतात. माझा चेहरा हसरा आहे, आवाज जरा ऐटीतला आहे, आणि कापडी टप मागे दुमडला की मी वाऱ्याची लाडकी वाटते. पण तुम्हीच विचार करा. डोक्यावर पत्रा नाही. बसणारा माणूस रस्त्यापासून जेमतेम वीतभर वर. शेजारून ट्रक गेला की त्याचं चाक थेट माझ्या तोंडासमोर फिरतं. अशा वेळी कोण भिणार नाही?

मला ज्यांनी घडवलं त्यांच्या मनात एक साधी गोष्ट होती. ऐटीची उघडी गाडी फक्त बड्या लोकांच्या दारात का असावी? साध्या पगारदारालाही ती परवडली पाहिजे. म्हणून त्यांनी माझ्यावर फालतू खर्च केला नाही. इंजिन लहान ठेवलं, काचा हाताने फिरवायच्या ठेवल्या, टप हाताने ढकलायचा ठेवला. मात्र स्टेअरिंग असं हलकं केलं की नुसतं मनात आणलं तरी मी वळावं. गिअरचा दांडा इवलासा, मुठीत मावणारा. मी तशी काही फार जोरात पळत नाही. पण जमिनीलगत असल्यामुळे आत बसलेल्याला वाटतं, आपण सुसाट निघालो आहोत. माझी सगळी गंमत यातच आहे. थोड्या वेगात पुष्कळ मजा येते, आणि कुणाच्या हाडाला धक्का लागत नाही.

कारखान्यातून बाहेर पडताना एका तपासनिसाने माझ्या तळावर बोटांच्या पेरांनी ठोकून बघितलं. शेजारी नवखा कामगार होता, त्याला तो सांगत होता की बाकीच्या गाड्यांचं अंग छप्पर ताठ धरून ठेवतं, हिला छप्पर नाही, तेव्हा हिचं सगळं बळ या तळात आणि दाराखालच्या उंबऱ्यात आहे. ते ऐकून मला अभिमान वाटायला हवा होता. मला आपली धास्तीच वाटली.

माझा पहिला मालक एका बेकरीत भट्टीवर काम करायचा. दिवसभर भट्टीसमोर भाजून निघायचा, आणि सुटी झाली की टप उघडून नुसता वारा खात फिरायचा. पुढे त्याचं लग्न झालं, शेजारच्या सीटवर त्याची बायको आली. मग त्यांना जुळी झाली, आणि मित्रांनो, माझ्याकडे जागा दोघांचीच. तो माझ्या बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला आणि मग मला जुन्या गाड्यांच्या आवारात सोडून गेला. त्याच्यावर माझा राग नाही. पण त्या आवारात माझी भीती वाढली. रोज एखादी गाडी तिथून भंगारात जायची. जाताना ती साखळीने ओढली जायची, आणि मागे राहिलेल्या आम्ही सगळ्या गप्प असायचो.

अशात एके दिवशी मास्तर आणि बाई आले.

मास्तर म्हणजे सीटा शिवणारे कारागीर. न्हाव्याच्या खुर्च्या, नाटकगृहातल्या खुर्च्या, बसची बाकं, सगळं त्यांच्या सुईखालून गेलेलं. बाई म्हणजे त्यांची बायको. त्या तरणतलावावर लहान मुलांना पोहायला शिकवत, म्हणून सगळा गाव त्यांना बाईच म्हणे. पोरं मोठी होऊन आपापल्या वाटेने गेली होती आणि घरात दोघंच उरली होती. मास्तरांना रेक्झिनच्या गुंडाळ्या न्यायला कामाची गाडी हवी होती, आणि ते एका डब्यासारख्या गाडीची डिकी उघडून मापं घेत होते. तेवढ्यात बाई माझ्या सीटवर येऊन बसल्या. त्यांनी नवऱ्याला हाक मारली आणि नुसतं बसून तर बघा म्हणाल्या. मास्तर कुरकुरत बसले. त्यांचा हात गिअरच्या दांड्यावर गेला आणि तिथेच राहिला.

"पण गुंडाळ्या ठेवायच्या कुठे?" असं त्यांनी कसंबसं विचारलं.

"टप उघडा की," बाई म्हणाल्या. "माझ्या जागेवर उभ्या राहतील."

आणि खरंच तसंच झालं. बाजारातून येताना बाईंच्या सीटवर हिरव्या, तांबड्या गुंडाळ्या पट्टा बांधून उभ्या असायच्या, आणि सिग्नलवर लोक पोट धरून हसायचे. शेजारच्या आजोबांनी माझं नाव साबणाची डबी ठेवलं. नाव ठेवणारे तेच, आणि संध्याकाळी काठी टेकत फाटकाशी येऊन "एक फेरी मारू या का?" म्हणणारेही तेच. बाईंचं तर माझ्यावाचून पान हलेना. शिकवणी संपली की त्या ओल्या केसांनी येऊन बसत, आणि घर येईपर्यंत केस वाळून जात. उघड्या गाडीत माणसं जास्त बोलतात, हे मी बघितलं आहे. बंद गाडीत जी दोघं गप्प बसतील ती माझ्यात बसली की ओरडून ओरडून गप्पा मारतात, कारण वारा असतो ना. ते माझे सुखाचे दिवस होते. भीती होतीच, पण ती मावेल एवढी होती.

मग मास्तरांनी मला सजवायला घेतलं.

त्या थंडीत त्यांच्या हाती दुसरं काम फारसं नव्हतं. त्यांनी माझ्या सीटा उकलून नवा फोम भरला, वर तपकिरी रेक्झिन चढवलं, कडेने पिवळी पाइपिंग फिरवली. दारांना आतून तसंच अस्तर लावलं. शेवटी तळाकडे वळले. माझ्या तळाला भोकं होती, त्यांत रबराची बुचं होती, म्हणजे कधी पाणी आलंच तर काढून टाकता यावं. सीटांच्या मागे दोन नळ्यांची तोंडं होती. टपावरचं पावसाचं पाणी पन्हळीतून त्या नळ्यांत शिरायचं आणि चाकामागून बाहेर गळायचं. मित्रांनो, मास्तरांचं सगळं आयुष्य भोकं, चिरा आणि उसवलेल्या कडा झाकण्यात गेलेलं. त्यांच्या डोळ्याला भोक खपतच नसे. त्यांनी तळावर जाड नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा थर, सोल्यूशनने चिकटवला, त्यावर फोम, त्यावर गालिचा. कड अशी घट्ट बसवली की नख शिरू नये. बुचं खाली गेली. नळ्यांची तोंडंही त्या कडेखाली गेली.

बघायला सगळी आळी लोटली. बाईंनी चपला काढून गालिच्यावर पाय ठेवले. आजोबा म्हणाले, डबी गेली आणि दिवाणखाना आला. मास्तर वरवर काही नाही म्हणत होते, पण त्यांचा चेहरा फुलून आला होता. मीही फुगले होते, खोटं कशाला बोलू? इतकं कुणी माझं कधी केलं नव्हतं.

पहिला जोराचा पाऊस झाला तेव्हा मला कळलं की काय झालं आहे. पाणी पन्हळीतून आलं, नळीपाशी अडलं, आणि हळूच गालिच्याखाली शिरलं. नमद्याने ते पिऊन घेतलं. वरून गालिचा कोरडा ठणठणीत. खाली माझा पत्रा ओल्या कापडात गुंडाळल्यासारखा दिवसच्या दिवस पडून राहिला. मी वाट बघितली की कुणीतरी हात लावेल, कुणीतरी कोपरा उचलेल. कुणी उचलला नाही. किती सुरेख शिवला होता तो, कोण कशाला उचलेल?

मग वास यायला लागला. मास्तरांनी नाक मुरडलं आणि बाईंना चिडवलं की तुझ्या तलावावरच्या पंच्याने गाडीला दमट करून टाकलं. बाईंनाही ते पटलं. त्या बिचाऱ्या पंचा पिशवीत घालून आणायला लागल्या. नंतर त्या म्हणाल्या की माझ्या बाजूला पाय गार लागतात. मास्तरांना बायकोची काळजी फार, आणि काळजी म्हटली की या माणसाला फोमच सुचायचा. त्यांनी बाईंच्या पायाखाली आणखी एक थर चढवला. तो थरही पाणी प्यायला.

मला गंज लागला होता, मित्रांनो. खालून काळं डांबरी लेपन होतं, त्यामुळे बाहेरून काही दिसेना. आतून मात्र पत्रा पापुद्र्यापापुद्र्याने सुटत होता. ब्रेक लागला की तळात डुबुक असा आवाज यायचा, आणि माझ्या अंगावर काटा यायचा. बाईंच्या सीटचा मागचा बोल्ट ज्या पत्र्यात रुतला होता तो पत्रा मऊ पडत चालला होता. मला तो बोल्ट दुखऱ्या दातासारखा जाणवायचा. बाई सीटवर टेकल्या की मी सगळं अंग आवळून धरायची. पण गाडीने अंग आवळून काय होतं? मला हात नाहीत, बोलायला तोंड नाही, हॉर्न आहे पण तोही दुसऱ्याने दाबायचा.

मी सांगायचा प्रयत्न केला, खरंच केला. तळ कमजोर झाला तसं माझं अंग मधोमध खचायला लागलं आणि बाईंच्या बाजूचं दार उंबऱ्यावर घासायला लागलं. सर्व्हिसिंगला नेलं तेव्हा मिस्त्रीने ते दार दोनदा लावून बघितलं आणि म्हणाला, एकदा जॅकवर घेऊन तळ बघू या. माझा जीव भांड्यात पडणार, एवढ्यात मास्तरांनी त्याला तिथेच अडवलं. खालून काय बघायचं, आत बघ, असं काम तुला कुठे दिसणार नाही, असं म्हणत त्यांनी दार उघडून गालिचा दाखवला. मिस्त्रीने मान डोलावली. मास्तरांनी घरी येऊन बिजागरी जरा वर घेतली, आणि तेव्हापासून जो कोणी येईल त्याला सांगायचे, दार थोडं उचलून लावा. सगळ्यांना उचलून लावायची सवय झाली. माझं सांगणं असं वाया गेलं.

आणि मग ठरलं की घाट चढून बाईंच्या थोरल्या बहिणीकडे जायचं. तलाव सफाईसाठी बंद होता, बाईंना मोकळीक होती. उघड्या गाडीतून घाटात जायचं हे दोघांचं किती दिवसांपासून ठरत होतं. बाईंनी डोक्याला बांधायला निळा रुमाल काढून ठेवला. मास्तर गाणं गुणगुणत माझ्या काचा पुसत होते. मी उभ्या जागी थरथरत होते. घाटात वळणं असतात, वळणावर माणूस कडेला झुकतो, त्याचा सगळा भार सीटवर येतो आणि सीटचा बोल्टवर. आणि कड्याच्या बाजूला काय असतं ते तुम्हाला माहीतच आहे.

सकाळी निघालो. ऊन कोवळं होतं, टप मागे होता, हवा अशी की कुणालाही वाटावं, ही गाडी याच दिवसासाठी केली आहे. बाई हात बाहेर काढून वारा धरत होत्या. मला मात्र रस्त्यातला एकेक खड्डा आधीच दिसायचा आणि मी मनातल्या मनात मास्तरांना विनवायची, अहो, सावकाश, सावकाश. पहिली वळणं निभली. मग एक लांबलचक वळण आलं. बाई बाहेरच्या बाजूला झुकल्या. मागचा बोल्ट पत्र्यातून हलला, थोडा वर आला, पुन्हा बसला.

बाईंना काहीतरी जाणवलं. मास्तर हसून म्हणाले, पाण्यात असल्यासारखी सूर मारू नकोस. बाई हसल्या नाहीत. पुढच्या वळणावर सीट पुन्हा कलली, जरा जास्त. बाईंनी दाराची कड घट्ट धरली.

"गाडी थांबवा," त्या म्हणाल्या.

मास्तर म्हणाले, वर मोकळी जागा आहे, तिथे थांबू.

"आत्ता थांबवा."

आवाज चढलेला नव्हता. पण या आवाजात बोलल्यावर तलावातली सगळी पोरं एका झटक्यात काठाशी येतात. मास्तरांनी मला डोंगराच्या बाजूला घेऊन थांबवलं. बाई दार उघडायला गेल्या, दार उघडेना. खचलेल्या अंगात ते चिणलं गेलं होतं. माझ्यावर छप्पर नाही हे तेवढ्यापुरतं बरं झालं. बाई सीटवर पाय देऊन दारावरून बाहेर उतरल्या, आणि उतरताना सीट मागे कलंडली.

मास्तर अजून म्हणत होते की सीटखालची पट्टी सैल झाली असेल, लगेच आवळतो. त्यांनी सीट धरून जरा हलवली. ती हातात आली. बोल्ट आला, आणि बोल्टाभोवती खापरीएवढा गंजका पत्रा आला. मास्तर तो पत्रा बघत राहिले. मग त्यांनी हत्यारांच्या पिशवीतून गालिचा कापायची सुरी काढली. सुरी शिवणीपर्यंत गेली आणि थांबली. त्या शिवणीवर त्यांनी किती जीव टाकला होता ते मला माहीत होतं.  मास्तरांनी शिवण उसवली, गालिचा उचलला, फोम उचलला, नमदा ओढला. त्यातून तांबडं पाणी गळलं. त्यांनी तळ चाचपायला हात खाली घातला, आणि हात खाली जातच राहिला. त्यांच्या बोटांना घाटातली खडी लागली.

ते तिथेच रस्त्याच्या कडेला बसले.

"मी तुला इथे बसवत होतो," ते म्हणाले. "इतके दिवस मी तुला इथे बसवत होतो."

मित्रांनो, त्या दिवसानंतर मला ओढून नेलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ते जुन्या गाड्यांचं आवार उभं राहिलं. वाटलं, आपली साखळी आली. पण मास्तरांनी मला पत्रेकाम करणाऱ्याकडे नेलं होतं. त्याने माझी दोन्ही दारं काढून मधे लोखंडी नळ्या ठोकल्या, म्हणजे कापताना मी मोडू नये, आणि माझा तळ कापून काढला. मी कितीतरी दिवस पोटाखाली काही नसलेली उभी होते. वेल्डिंगच्या ठिणग्या उडायच्या आणि मी भीतीने अर्धी व्हायची. पण तो माणूस हाताचा स्वच्छ होता. त्याने जाड पत्रा घातला, उंबरे नवे केले, पावसाच्या पाण्याच्या नळ्या मोकळ्या केल्या, सगळ्याला राखाडी रंग मारला.

मी घरी आले. मास्तरांनी आपली सीट बसवली. बाईंची बसवली नाही.

आधी वाटलं, शिवायची राहिली असेल. पण दिवस जात राहिले. मास्तर मला रोज बाहेर काढत, माझ्या तळावर मूठ आपटून बघत, जॅकवर घेऊन खालून बॅटरीने बघत, आणि एकटे बसून कामाला जात. बाजूची जागा रिकामी. बाई बसने तलावावर जायला लागल्या. आणि ऐका, हसू नका, मास्तर त्यांच्या बसच्या मागे मागे मला चालवत न्यायचे. बस थांब्यावर थांबली की आम्ही थांबायचो. बाई खिडकीतून मागे वळून बघायच्या, आणि मास्तर दुसरीकडे बघायचे. त्यांचे हात स्टेअरिंगवर घामेजलेले असायचे. तोवर मला वाटत होतं, भिणारी मी एकटीच आहे.

एका दुपारी बाई मास्तरांच्या दुकानात आल्या. मी दाराशीच उभी होते, मला आतलं सगळं दिसत होतं. त्यांची सीट टेबलावर होती. मास्तर तिची पाइपिंग उसवत होते. बाईंनी विचारलं, ही कितव्यांदा शिवताय? मास्तरांनी आणखी एक टाका उसवला. मग म्हणाले की गाडी विकून टाकू या, छपराची एखादी घेऊ. माझा आधारच गेल्यासारखं झालं.

बाई बाहेर आल्या. माझं दार त्यांनी उघडलं, ते आता न उचलता उघडत होतं. चपला काढून त्या माझ्या उघड्या पत्र्यावर उभ्या राहिल्या. टाचेने त्यांनी एकेक जागा दाबून बघितली, कोपऱ्यापर्यंत. मग गुडघे टेकून नळ्यांच्या तोंडात बोट घालून बघितलं. पेला भरून आणला आणि पन्हळीत ओतला. पाणी चाकामागून रस्त्यावर गळालं. मास्तर दारात येऊन बघत होते.

"मला भीती वाटते गं," ते म्हणाले.

"मलाही वाटते," बाई म्हणाल्या. "तलावाचा तळ दिसत नसेल तर मी एकाही पोराला पाण्यात उतरू देत नाही. पण तो दिसला ना, की मग घाबरणाऱ्यालाही उतरवते. आणा ती सीट."

मास्तरांनी सीट आणली. चारही बोल्ट त्यांनी आवळले, आणि प्रत्येक बोल्ट बाईंनी स्वतः पाना लावून पुन्हा बघितला. खाली गालिचा घातला नाही. नुसता पत्रा, त्यावर एक रबरी चटई, जी कुणीही एका हाताने उचलून खाली बघू शकतं. पाय गार पडतात, आवाजही जास्त येतो. बाई बसल्या. मास्तरांनी किल्ली फिरवली, आणि गिअर टाकायला त्यांना बराच वेळ लागला. मी त्यांना घाई केली नाही.

मित्रांनो, माझी भीती गेलेली नाही. आजही पाऊस आला की मी नळ्यांकडे कान लावून असते. पण आता पावसानंतर दोघांपैकी कुणीतरी येतं, चटई उचलतं, तळावर हात फिरवतं आणि तो हात कोरडा आहे का ते बघतं. तुमच्या घरीही अशी एखादी मुकी वस्तू असेल, जनावर असेल, किंवा एखादं फार न बोलणारं माणूस असेल. त्यांना जरूर सजवा, त्यांचे लाड करा, आम्हाला ते आवडतं. पण अधूनमधून वाकून पांघरुणाखाली हात घालून बघा. आम्ही बोलत नाही म्हणजे आमचं सगळं ठीक आहे, असं समजू नका. आम्ही तुमच्या जिवाला भीत असतो, आणि तुम्ही बघेपर्यंत आम्हाला एकट्यानेच भ्यावं लागतं.